अर्धी वीत कागद

२५ ऑगस्ट १९८८, जालना

आज दुपारी पुण्याहून टेम्पो आला. उतरवून घेतलं ते असं:

हृदय बघायचं मशीन, वापरलेलं, नग १ – रु. ८५,००० (देवानंद भाऊजींनी बँकेतून काढले)
मशीनच्या कागदाची गुंडाळी, विलायती, नग १२, दर ३१०
छातीला लावायच्या जेलीच्या बाटल्या, नग ६, दर ४५
व्होल्टेज स्टॅबिलायझर – २,२००
हमाली – ६०
नारळ, पेढे, उदबत्ती – ३८
डिव्हायडर, आमच्याच जुन्या कंपासपेटीतला – खर्च नाही

मशीन खालच्या मजल्यावर दवाखान्यात ठेवलं. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ असले तरी एम.डी. झालेला माणूस, त्यामुळे मी अहोजाहो करते. ते म्हणाले, "वहिनी, मॅट्रिकला गणितात एक्क्याऐंशी होते ना तुम्हाला? मग ह्याचं रजिस्टर तुमच्याकडं. पगारी माणूस ठेवला तर बँकेचा हप्ता कोण भरील?"

मला आनंदच झाला. तेवीस वर्षं ते एक्क्याऐंशी मार्क पिठाच्या डब्यामागं पडून होते.

२७ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मशीनची पूजा केली. कापूर लावायला गेले तर भाऊजी ओरडले, म्हणून निरांजनानं लांबूनच ओवाळलं.

पहिली तपासणी ह्यांची. डाव्या कुशीवर निजवून भाऊजींनी छातीला जेली लावली. हे म्हणाले, "अरे, दही लावतो का बर्फ?" भाऊजींनी एका हातानं छातीवर दांडी धरली आणि मला म्हणाले, "चालू." मी बटण दाबलं. कागद सरसर बाहेर आला. त्यावर दोन पट्ट्या, लाटेसारख्या वरखाली जाणाऱ्या. एक मधल्या पडद्याची, एक मागच्या भिंतीची.

भाऊजींनी समजावलं ते लिहून ठेवते. हंडा उचलताना दंड कसा फुगतो, तशी हृदयाची भिंत दाबताना जाड होते आणि सैल पडली की बारीक. दर ठोक्याला असं होतं. जी भिंत दाबतानाही जाड होत नाही, ती दमलेली. मशीन फक्त चित्र काढतं. मोजायचं आपण. डिव्हायडरचं एक टोक पट्टीच्या वरच्या कडेला, दुसरं खालच्या कडेला, मग बाजूच्या ठिपक्यांवर धरून बघायचं.

ह्यांची भिंत सैल असताना दहा, दाबताना चौदा मिलिमीटर. मी लगेच सांगितलं, शेकडा चाळीस वाढ. हे उठून बसले. "चाळीसच? पस्तीसला पास असतंय ना?" भाऊजी फार हसले.

जाताना म्हणाले, "कागद हातभर जाऊ द्यायचा, वहिनी. दहाएक ठोके येतात. सगळे मोजायचे आणि सरासरी लिहायची."

१२ सप्टेंबर

दोन गुंडाळ्या संपल्या. हातभर म्हणजे हातभरच जातो कागद. दहा ठोके मोजायला वेळही फार लागतो, बाहेर बाकड्यावर लोक खोळंबतात. भाऊजींना विचारलं, एक वीत घेतला तर नाही का चालणार? ते परतूरच्या एका बाईची नाडी बघत होते. म्हणाले, "बघा तुम्ही."

आजपासून एक वीत. त्यात चार-पाच ठोके येतात. पुसट असतील ते सोडायचे, ठळक दिसेल तो घ्यायचा. तांदूळ निवडतो तसंच आहे हे.

२९ सप्टेंबर

भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींमुळं माझा दवाखाना चालतो." रजिस्टर उघडून नुसता आकडा बघतात आणि औषध लिहितात. पट्टी बघायची गरजच पडत नाही म्हणाले, इतकं माझं काम बराबर असतं. संध्याकाळी देवापुढं बसले तर जपात मन लागेना, तेच शब्द कानात. अहंकार बरा नव्हे, हे कळतं.

६ ऑक्टोबर

मालन आली. माझी धाकटी बहीण, तीर्थपुरीजवळच्या खेड्यात दिलेली. सकाळच्या गाडीनं एकटीच. जिना चढून आली आणि वरच्या पायरीवरच बसली.

"अक्का, बघ कसं भात्यावानी करून राह्यलंय छातीत."

मी म्हणाले, "चार लेकरं झाली तरी तुझं रडगाणं तेच. लहानपणी आडावर जायची पाळी आली की तुझं पोट दुखायचं."

ती हसली. "दुखायचंच ते. तुला कधी खरं वाटलं न्हाई."

चहा झाल्यावर तिनं खरं कारण सांगितलं. कारभारी नावाचा मुकादम दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी नेणार आहे. नवरा-बायकोची जोडी असेल तरच एक कोयता धरतात. तिचे मालक भुजंगराव म्हणाले, "जालन्याला जाऊन ये. डॉक्टरनं न्हाई म्हणलं तर यंदा घरीच राहू. मुकादमाकडनं पैशाची उचल अजून घेतली न्हाई." असा नवरा मिळायला पुण्य लागतं. सासू द्वारकाबाई मात्र येताना म्हणाल्या होत्या, "जा, म्हायेरी आराम करून ये."

खाली नेलं. वीज जायची वेळ झाली होती आणि एका मोठ्या अडत्याच्या घरचं माणूस बाहेर बसलेलं. भाऊजींनी घाईनंच दांडी धरली, मी बटण दाबलं. मालनकडून काही घ्यायचं नव्हतं. आपलं माणूस फुकट बघायचं आणि त्यात भाऊजींचा विलायती कागदही नासायचा, हे मला पटेना. अर्धी वीत झाली तशी मी बटण सोडलं.

दोन ठोके आले. पहिला छान ठळक. सैल असताना नऊ, दाबताना तेरा. शेकडा चव्वेचाळीस! ह्यांच्यापेक्षा चांगली भिंत. पट्टीची कड वाकडीतिकडी होती ती कात्रीनं सरळ केली आणि रजिस्टरला चिकटवली.

भाऊजींनी आकडा बघितला, "चांगलं आहे की. रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या द्या," म्हणाले आणि अडत्याच्या माणसाला आत घेतलं. तेवढ्यात वीज गेलीच.

मालनला चिठ्ठी लिहून दिली, आकड्यासकट. तिनं ती चारदा वाचली. "म्हणजे मला काहीच न्हाई, अक्का?"

"काही नाही. मनाचं आहे. कामात राहिलीस की जाईल."

ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवत म्हणाली, "बरं झालं. मलाबी वाटायचं, मीच सोंग करते का काय."

पाच वाजताच्या गाडीनं गेली. दोन शेर डाळ बांधून दिली.

२३ ऑक्टोबर

दसरा झाला. तीर्थपुरीकडच्या एका पेशंटनं सांगितलं, मालन आणि भुजंगराव टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेले. लेकरं सासूजवळ. सुखरूप राहोत.

२६ नोव्हेंबर, संकष्टी

मालनचं कार्ड आलं. पोस्टमननं कार्ड दिलं की मी आधी कोपरा बघते. आमच्याकडं मौताची खबर असली तर कार्डाचा कोपरा फाडून टाकतात. तसलं कार्ड घरात आणायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं. आईच्या वेळी तसं कार्ड आलं होतं, तेव्हापासूनची सवय. आजचे चारी कोपरे धड होते.

मालन चौथी शिकलेली, अक्षर मोठं मोठं काढते. लिहिलंय: "अक्का, इकडं थंडी लई. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्याला अंधारी येती. पाय सुजायलेत. पण मशीननं चांगलं म्हणलंय म्हणून मी कुणाला सांगत न्हाई, कामात राहते. तू म्हणलीस तसं." वर कारखान्याचा पत्ता.

लगेच उत्तर टाकलं. थंडीत पाय सुजतात, मीठ कमी खा, संकष्टी धर, तक्रारी मनात आणू नको. चंद्र बघून उपास सोडला.

११ डिसेंबर, रविवार

आज औरंगाबादहून भाऊजींचे गुरू आले, मोठे डॉक्टर. मशीन बघायला. परतूरचे अण्णासाहेब म्हणून एक पेशंट होते, त्यांची नाडी थांबून थांबून चालते. डॉक्टरांनी स्वतः दांडी धरली. मी सवयीनं वीतभर झाल्यावर बटण सोडलं.

"थांबवलंत का, बाई? चालू द्या. अजून. अजून."

दीड हात कागद गेला. माझा जीव तुटत होता. मग त्यांनी डिव्हायडर मागितला आणि टेबलावर पट्टी पसरली. मी चहा घेऊन उभीच होते. ते भाऊजींना म्हणाले, "हे बघ. ठोके अनियमित आहेत. इथं लांब थांबलं, तेवढ्या वेळात हृदय जास्त भरलं, म्हणून पुढचा ठोका जोरात आला. भिंत चांगली जाड झाली. आता त्याच्या पुढचे बघ. नऊ, दहा. नऊ, साडेनऊ. भिंत हलतच नाही. तो एकच ठळक ठोका मोजशील तर फसशील. आणि हा माणूस कष्ट करील आणि मरेल."

अण्णासाहेब खाटेवरून म्हणाले, "मी ऐकायलोय बरं का, डॉक्टरसाहेब."

सगळे हसले. मी चहा टेबलावर ठेवला आणि पट्टीवरचे ते ठोके पुन्हा बघितले.

पाहुणे जेवून गेल्यावर मी रजिस्टर काढलं. ६ ऑक्टोबर, मालन. तो ठळक ठोका. त्याच्या आधी मोकळी जागा आहे, लांब थांबल्याची. आणि कडेला दुसरा ठोका, जो मी पुसट म्हणून सोडला. अर्धा तर मी कात्रीनं कापून टाकलाय. जेवढा राहिलाय तेवढा मोजला. सैल नऊ. दाबताना दहा. पुन्हा मोजला. दहा.

गजानना, ही पट्टी मी कुणासाठी कापली?

१२ डिसेंबर

सकाळीच भाऊजींना दाखवलं. त्यांनी रजिस्टर खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्याशा पट्टीवरून काही सांगता येत नाही, वहिनी. पुन्हा तपासू तिला. तोवर कुणाजवळ बोलू नका. उगाच घरात सगळ्यांना घोर." माझ्या दुःखातही त्यांना घराची काळजी आहे.

कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. "मालन, काम बंद कर. मिळेल त्या गाडीनं ये."

१४ डिसेंबर

आज मालनची पट्टी पुन्हा बघावी म्हणून रजिस्टर उघडलं तर ते पान नव्हतं. भाऊजींनी अभ्यासाला काढून घेतलं म्हणे. तिथं नवं पान चिकटवलंय, त्यांच्या अक्षरात. "ठोके अनियमित. कष्टाचे काम करू नये. आठ दिवसांनी पुन्हा तपासणीस बोलावले. पेशंट आली नाही."

मी तीनदा वाचलं. म्हणजे त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं आणि मी निरोप दिलाच नाही? वर येऊन ह्या वहीतलं ६ ऑक्टोबरचं पान काढलं. त्यात तसं काही नाही. घाईत लिहायचं राहिलं असणार. भाऊजी डॉक्टर आहेत, ते कसे विसरतील. मीच विसरले. मोजलं तेही चुकीचं, आणि सांगितलेलं तेही पोचवलं नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. कुणाजवळ बोलू नका म्हणाले होते, पण नवऱ्याजवळ तरी बोलणारच ना. ह्यांनी ही वही मागून घेतली आणि ६ ऑक्टोबरचं पान वाचलं. मग म्हणाले, "६ तारखेचं पान फाडू नकोस. जपून ठेव." माझीच चूक लिहिलेली, ती कशाला जपायची, कोण जाणे. पण हे म्हणाले म्हणून ठेवते.

१८ डिसेंबर, रविवार

कार्डाला उत्तर नाही. पहिल्या गाडीनं मालनच्या सासरी गेले. द्वारकाबाई ओसरीवर कापसाची बोंडं फोडत होत्या. धाकटं लेकरू मांडीवर.

"या बाई. आता कशाला आलात?"

मी म्हणाले, "मालनला परत बोलवायचंय. तिचं दुखणं खरं आहे."

त्यांनी बोंड खाली ठेवलं. "आता खरं झालं व्हय? भुजंग दारात बसला व्हता, मी न्हाई जात म्हणून. मुकादम दोनदा रिकामा गेल्ता. मंग हिनंच तुमची चिठ्ठी काढली पिशवीतून. 'अक्कानं मोजलंय, अक्काचं गणित चुकत न्हाई,' म्हणली. तवा उचल घेतली."

त्यांनी लेकरू खांद्यावर घेतलं.

"मी सासू हाय, बाई. मी तिला कामचुकार म्हणले, ते माझं तोंडच तसलं. पर तुमीबी म्हणलात म्हणं?"

थोड्या वेळानं त्यांनीच पाणी दिलं. कुठल्या गावाला तळ आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. ऊस संपला की टोळी पुढच्या गावाला जाते, पंधरा दिवसांनी जागा बदलते. मोठी पोरगी सात वर्षांची. ती मला एस.टी.पर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मावशी, आई म्हणली, तुमच्याकडं छातीच्या आतलं दिसतंय. मंग आईच्या छातीत काय दिसलं?"

गाडी आली. बरं झालं.

२६ डिसेंबर, संकष्टी

राजूरला जाऊन आले. गर्दी बेताची. गणपतीपुढं उभी राहिले आणि काय मागावं तेच सुचेना. क्षमा मागायची तर ती मालनकडं मागायची. तिला बरं कर म्हणावं तर तिच्या डोक्यावरची मोळी तर उतरली पाहिजे आधी. शेवटी पत्ता मागितला. देवा, ती कुठं आहे तेवढं कळू दे.

येताना प्रसादाचा नारळ दवाखान्यात भाऊजींना दिला. त्यांनी तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरला पत्र टाकतो म्हणून दोनदा सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाले, "हो, टाकायचंय." फार काम असतं त्यांना.

आता प्रत्येकाला हातभर कागद सोडते. दहा ठोके मोजते. भाऊजी परवा म्हणाले, "वहिनी, कागद फार जायला लागला." मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं नाही.

३१ डिसेंबर

पोस्टमननं कार्ड दिलं. आधी कोपरा बघितला. धड होता. पण अक्षर माझंच! बारा तारखेचं कार्ड परत आलं. वर लाल शाईत, "टोळी दुसऱ्या गटात गेली." म्हणजे तिनं ते वाचलंच नाही. तिनं वाचलेलं माझं शेवटचं कार्ड संकष्टीचं. त्यात लिहिलं होतं, तक्रारी मनात आणू नको.

ह्यांनी कचेरीत रजेचा अर्ज दिला. न विचारताच. म्हणाले, "पत्ता लागला की त्याच दिवशी निघू. तुझ्या एकटीचं काम नाही ते."

३ जानेवारी १९८९

आज कारखान्याच्या शेतकी कचेरीच्या नावानं पाकीट टाकलं. वर लिहिलं, कारभारी मुकादमाची टोळी जिथं असेल तिथं पोचवण्याची कृपा करावी. आत मालनला लिहिलं त्याची नक्कल इथं ठेवते. ह्या वेळी काहीही लिहायचं राहायला नको.

"चि. मालन हीस अक्काचा आशीर्वाद.

"आधी एक कर. हातातला कोयता खाली ठेव आणि मग पुढचं वाच. मोळी उचलायची नाही. पाणीसुद्धा दुसऱ्याला आणू दे. मुकादम काही म्हणाला तर हे पत्र दाखव. उचलीचं आम्ही बघू, ह्यांनी कबूल केलंय.

"तुला चांगलं म्हणाले ते मशीन नव्हतं, मालन. मशीननं खरं चित्र काढलं होतं. मोजलं मी. तू माझी बहीण म्हणून कागद कमी सोडला. अर्धी वीत. त्यात तुझा एक चांगला ठोका आला, तोच मी धरला आणि बाकीचे बघितलेच नाहीत. भाऊजींनी तुला काम करू नको म्हणून सांगितलं होतं म्हणे, तेही मी तुझ्यापर्यंत आणलं नाही. तुझं दुखणं खरं आहे. तू सोंग करत नव्हतीस. आडावर जातानाही करत नव्हतीस. तुझं पोट खरंच दुखायचं. हे मला आज कळलं, हे लिहायलाही लाज वाटते.

"तुझी लेकरं बरी आहेत. द्वारकाबाईंना भेटून आले. त्यांनी तुझ्यासाठी लोणचं काढून ठेवलंय, तोंडानं काही बोलल्या तरी.

"आम्ही दोघं तुला न्यायला निघतो आहोत. फक्त तळ कुठल्या गावाला आहे तेवढं हवंय. सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड आहे. तुला लिहिवत नसेल तर भुजंगरावांना सांग, गावाचं नाव तेवढं पुरे. कार्डाचे चारी कोपरे धड आहेत, मी बघून घातलंय. तसंच्या तसं उलट टपाली पाठव."